कारवानी रक्ताची चोरी

कर्जतला अफवा उगवायला पाऊस लागत नाही. कुणीतरी टपरीवर कोपर टेकून आवाज खाली आणला की काम झालं. मागच्या हिवाळ्यात अशीच एक उगवली: जनावरांच्या दवाखान्यातली नवी डॉक्टरीण कुत्र्यांना झोपेचं इंजेक्शन देते आणि झोपलेल्या कुत्र्याचं रक्त काढून विकते. कुणाला विकते, घेणारा त्याचं करतो काय, असले प्रश्न विचारायची आपल्याकडं रीत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो, आणि तेही शिवी दिल्यासारखं.

पेरणारा होता गोरक्षनाथ धांडे, पेंडीचा दुकानदार. पण बियाणं त्याचं नव्हतं. बियाणं एका चांगल्या शिकलेल्या माणसानं दिलं होतं, माईकवरून.

दवाखाना एका ट्रस्टचा, गावाबाहेर, मिरजगावच्या रस्त्याला. डॉ. प्रार्थना उजागरे तिथं आली ती सावेडीहून. वडील पॉल उजागरे शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळं हिशेब जुळला नाही की पोरीला घास गिळत नाही. ती दिवसभर गाई-शेळ्या बघायची आणि पुढच्या डिग्रीसाठी संशोधन करायची. विषय होता थायोपेंटोन नावाचं औषध. बार्बिट्युरेट जातीचं, जुनं, स्वस्त. पिवळसर पूड असते. पाण्यात विरघळवून शिरेतून दिली की जनावर बघता बघता आडवं होतं. हे औषध देऊन ऑपरेशन केलं तर कुत्र्याचं रक्त किती जातं, एवढंच तिला शोधायचं होतं.

कुत्री कुठली, तर कर्जतची शान. कारवानी. उंच, सडपातळ, फासळ्या लांबून मोजाव्यात आणि कंबर मुठीत मावावी अशी. पाळणारे सांगतात, आमी फक्त राखणीला आणि प्रदर्शनाला पाळतो. सशांना विचारलं तर ते वेगळं सांगतील. या लोकांचा एक नियम मात्र सरकारच्या कुठल्याही कायद्यापेक्षा कडक आहे. कारवानी गाडीत बसवायचं नाही. गाडीत बसलेलं कुत्रं मऊ पडतं, त्याची उमेद जाते. न्यायचं तर मोटरसायकलमागं पळवत न्यायचं. मग प्रदर्शन असो, सोयरीक असो, नाहीतर दवाखाना.

प्रार्थनाची पद्धत साधी होती. कुत्रं आलं की पायातून थोडं रक्त घ्यायचं, काचेच्या बारीक नळीत भरायचं आणि नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची. लाल रक्त खाली बसतं, पिवळं पाणी वर राहतं. लाल किती ते बघायचं. ऑपरेशन संपलं की पुन्हा एक नळी. शिवाय रक्त टिपलेले बोळे ती एका छोट्या काट्यावर जोखायची, कोरडे किती भरले होते आणि ओले किती भरतात ते.

आणि इथंच तिचा घास अडकला. बोळे म्हणत होते, रक्त गेलं ते चहाच्या कपात मावेल. नळी म्हणत होती, चौथा हिस्सा गेला. एका कुत्र्याचं नाही, प्रत्येकाचं.

"सर, दोन्ही एकदम खरं कसं असेल?" तिनं तिच्या गाईडला विचारलं.

गाईड म्हणजे डॉ. राधाकृष्ण बोरुडे. नगरहून गाडीनं यायचे, हार घ्यायचे, उसाचा रस प्यायचे, जायचे. ते म्हणाले, "बोळे जोखण्यात चूक होते, उजागरे. नळी मशीनमधली आहे. मशीन खोटं बोलत नाही."

मशीन खोटं बोलत नाही हे मला मान्य आहे. पण मशीनला काय विचारायचं ते माणूस ठरवतो, आणि तिथं गाढवपणाला मुबलक जागा असते.

बोरुडेंना तो चौथा हिस्सा फार आवडला. मोठा आकडा म्हणजे मोठा लेख, मोठा लेख म्हणजे परिषद, परिषद म्हणजे शाल. त्यांनी दवाखान्याच्या अंगणात कुत्री पाळणाऱ्यांचा मेळावा घेतला आणि माईक तोंडाला लावून सांगितलं, "या औषधाखाली शस्त्रक्रिया केली असता जनावराचं जवळजवळ चौथा हिस्सा रक्त कमी होतं, असं आमच्या संशोधनात आढळलं आहे!"

टाळ्या वाजल्या. माईकवर काहीही सांगितलं तरी आपण टाळ्या वाजवतो.

गोरक्षनाथ उठला. त्याच्या वाघ्याचं हर्नियाचं ऑपरेशन दोनच आठवड्यांपूर्वी झालं होतं. "साहेब, चौथा हिस्सा म्हंजे लई झालं. मी दारातच हुतो. फरशीवर तर कायबी सांडल्यालं न्हवतं. मग गेलं कुठं?"

"तो पुढच्या संशोधनाचा विषय आहे," बोरुडे म्हणाले आणि गाडीत बसले.

आता पेंडीच्या दुकानदाराला सांगा, की तुझ्या गोदामातला चौथा हिस्सा माल नाहीसा झाला, आत एकच बाई होती, आणि माल कुठं गेला हा पुढचा विषय आहे. तो काय समजेल? गोरखनं तेच समजलं. संध्याकाळपर्यंत गावानंही समजलं.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात कारवानी दिसेना. त्यानं संशोधन थांबलं, ते एक वेळ राहू द्या. खरी अडचण रेशमची होती.

रेशम ही इब्राहिम शेखची कुत्री. वाळूच्या रंगाची, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. राशीन रोडला इब्राहिमचं ट्रॉल्या वेल्डिंग करायचं दुकान आहे. त्या ठिणग्यांत ती अशी ऐटीत बसायची की गिऱ्हाईक आधी तिला सलाम करायचं. तिच्या शेवटच्या सडाला गाठ आली होती. आधी हरभऱ्याएवढी, मग लिंबाएवढी. प्रार्थनानं सांगितलं होतं, ही काढायला हवी, फुटली किंवा आत पसरली की हातात काही राहणार नाही. इब्राहिमनं दिवसही ठरवला होता. अफवा ऐकली आणि मोडला.

प्रार्थना त्याच्या दुकानात गेली. इब्राहिमनं तोंडावरची काच वर केली, तिला बघितलं, पुन्हा खाली केली.

"इब्राहिमचाचा, गाठ वाढलीय. मला इथूनच दिसतीय."

"दिसू द्या."

"आता काढली तर ती जगेल. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर मीच नाही म्हणेन."

"मॅडम, तिच्या अंगात रक्तच किती? एवढीशी कंबर. त्यातला चौथा हिस्सा तुमी घेनार. मंग ती जगनार कशावर, माझ्या वेल्डिंगच्या धुरावर?"

"मी रक्त घेत नाही हो!"

"मंग जातं कुठं?"

खरं उत्तर प्रार्थनाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ठोकून द्यायला ती बोरुडे नव्हती. "मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली.

आतून इब्राहिमची बायको सुरय्या चहा घेऊन आली. ही बाई तोंडानं फटकळ आणि हातानं उदार. "घ्या, चहा घ्या. ह्यांच्यावर रागावू नका. कुत्रीला ताप आला तर रात्रभर बसत्यात. मला ताप आला तर म्हनत्यात, गोळी घे."

"तू गोळी घेती. ती घेती का?" काचेच्या आतून आवाज आला.

"बघा! म्हंजे मी शहानी हाय ही माझी चूक." सुरय्यानं कप हातात दिला आणि आवाज उतरवला. "पोरी, कळलं की ये. पन लौकर कळू दे. हा मानूस तिची गाठ रोज हातानं चाचपतो आन् मंग जेवत न्हाई."

प्रार्थना परतली ती चिडून. गावावर, गोरखवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. रक्त हवेत विरत नाही. बोळ्यात नाही, फरशीवर नाही, बाटलीत नाही, तर मग ते कुत्र्यातच असलं पाहिजे. कुत्र्यात आहे आणि नळीत नाही, म्हणजे कुठंतरी दडून बसलंय. तिनं कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं. आणि ते तिथं होतं, स्वच्छ छापलेलं: या जातीच्या औषधानं पाणथरी सैल पडते, फुगते आणि अंगातलं लाल रक्त स्वतःत भरून घेते. जनावर जागं झालं की हळूहळू परत सोडते. पाणथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखालची जिभेसारखी पिशवी. हे जगाला कधीपासून ठाऊक होतं. बोरुडेंनाही ठाऊक असायला हवं होतं, पण त्यांचा पुस्तकाशी संबंध प्रकाशनापुरता.

तरी तिचा हिशेब पुरता जुळेना. पाणथरी रक्त पिते खरी, पण इतकं? पुस्तकातल्या कुत्र्यांपेक्षा कर्जतच्या कुत्र्यांचा आकडा बराच मोठा येत होता. ती पुस्तक मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती, तेवढ्यात फटफट फटफट करत गोरखची मोटरसायकल आली. मागं वाघ्या. जीभ हातभर बाहेर, छाती भात्यासारखी, अंगावर धूळ. टाके काढायला आणला होता. रक्तचोर म्हणून बदनाम केलेल्या बाईकडं टाके फुकटात निघतात म्हणून.

प्रार्थना वाघ्याकडं बघतच राहिली.

"गोरखभाऊ, ऑपरेशनच्या दिवशीही असाच आणला होता का?"

"मंग काय पालखीत आनू? कारवानी हाय त्यो."

"सगळेच असे आणतात?"

"न्हाई तर! डोकं फिरलंय का, कारवानी कुनी गाडीत घालील?"

ती एवढ्या जोरात हसली की वाघ्यानं कान टवकारले. कुत्रं जीव खाऊन पळतं तेव्हा पाणथरी आवळते आणि साठवलेलं सगळं लाल रक्त अंगात सोडते, पळायला बळ हवं म्हणून. म्हणजे तिची पहिली नळी नेहमी पळून आलेल्या कुत्र्याची होती, काठोकाठ भरलेली. आणि दुसरी झोपवलेल्या कुत्र्याची, लाल रक्त पाणथरीत जाऊन बसल्यावरची. त्या दोन नळ्यांतला फरक म्हणजे बोरुडेंचा चौथा हिस्सा! पुस्तक लिहिणाऱ्या साहेबांना कर्जतची मोटरसायकल कुठून माहीत असणार?

तिनं लगेच बोरुडेंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"उजागरे, निष्कर्ष इतका सुंदर आलाय. तो बिघडवायची काय गरज आहे?"

"सर, तो आलेला नाही. तो मोटरसायकलवरून आणलाय."

"मी मेळाव्यात जाहीर केलंय."

"म्हणूनच तर इथं लोक मला चोर म्हणतात."

"लोक विसरतात."

"गाठ विसरत नाही, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. गाईडचा फोन विद्यार्थ्यानं आधी ठेवायचा नसतो. तिनं ठेवला. मला या कहाणीत सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट कुठली असेल तर ती ही.

गोरख अजून टाक्यांसाठी थांबला होता. अंगणात नेहमीसारखी गर्दी: कुणाची शेळी, कुणाची कालवड, आणि ज्यांचं काहीच नाही अशी चार रिकामी माणसं. प्रार्थना बाहेर आली आणि मोठ्यानं म्हणाली, "गोरखभाऊ, तुम्ही म्हणता मी रक्त चोरते. आज सगळ्यांच्या देखत बघू. मी औषध देणार नाही, ऑपरेशन करणार नाही. फक्त वाघ्याच्या पायातून थेंबभर घेते. चालेल?"

एवढ्या लोकांत नाही म्हणायची सोय नव्हती. "घ्या. पन थेंबच!"

तिनं धापा टाकणाऱ्या वाघ्याची नळी भरली, मशीन फिरवलं आणि नळी सगळ्यांना दाखवली. लाल रक्त अर्ध्याच्या बरंच वर. तिनं तिथं पेननं खूण केली.

"आता वाघ्याला कडुलिंबाखाली बांधा, आणि तुम्ही स्वतः त्याच्याजवळ बसा. कुणाला हात लावू देऊ नका. मलासुद्धा."

गोरख बसला. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात काठी, नजर प्रार्थनावर. वाघ्या पाणी प्यायला, दोनदा गोल फिरला, मालकाच्या चपलेवर तोंड टेकून झोपला. प्रार्थनानं तेवढ्यात एक शेळी तपासली, कालवडीला इंजेक्शन दिलं. वाघ्या घोरायला लागला तेव्हा ती हळूच आली, दुसरा थेंब घेतला, नळी फिरवली आणि पहिलीच्या शेजारी धरली.

लाल रक्त खुणेच्या चांगलंच खाली आलं होतं.

त्या रिकाम्या माणसांतला एकजण म्हणाला, "आयला, गोरख, तुज्या राखनीत चोरी झाली की रं!"

"मी हललो न्हाई!" गोरख ओरडला. "ह्या जागेवरनं मी हललो न्हाई!"

"खरंय," प्रार्थना म्हणाली. "कुणीच काही घेतलं नाही. तरी कमी झालं. आता त्याला रस्त्यापर्यंत दोनदा पळवून आणा."

गोरखनं किक मारली. गेला, आला, गेला, आला. तिसरी नळी. लाल रक्त पुन्हा वर.

"आता हे कुणी घातलं?" तिनं विचारलं.

गोरखनं नळीकडं बघितलं, वाघ्याकडं बघितलं, वाघ्याच्या पोटाखाली वाकून बघितलं. "ह्याच्या पोटात टाकी हाय का काय?"

"टाकीच आहे. डाव्या बरगडीखाली. पळताना रिकामी होते, झोपला की भरते. औषधानं तर जास्तच भरते. रक्त कुठं जात नाही, गोरखभाऊ, घरातल्या घरात खोली बदलतं."

लोक हसायला लागले. गोरख मात्र हसला नाही. माणूस वाईट नव्हता; त्याला हिशेब लागत होता आणि तो आता मिळाला होता. डोक्यावरची टोपी काढून त्यानं घाम पुसला. "मंग हे त्या मोठ्या साहेबानं माईकवर का न्हाई सांगितलं?"

"त्यांना मोटरसायकल माहीत नव्हती."

"गाडीतनं फिरत्यात न्हवं. मऊ पडल्यात," गोरख म्हणाला.

संध्याकाळी गोरखच इब्राहिमच्या दुकानात गेला. आपली अफवा आपल्याच पायांनी जाऊन परत घेणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत, म्हणून ही नोंद. पण इब्राहिमला गोरखच्या तोंडावर काडीचा भरवसा नव्हता. "काल चोर म्हनत हुतास, आज टाकी म्हनतोस. उद्या नळ म्हनशील." सकाळी तो स्वतः दवाखान्यात आला आणि दोन अटी घातल्या. ऑपरेशनच्या वेळी तो आत उभा राहणार. आणि ती टाकी त्याला डोळ्यांनी दिसली पाहिजे.

"दोन्ही कबूल," प्रार्थना म्हणाली. "माझीही एक अट. रेशमला पळवत आणायचं नाही. टेम्पोत घालून आणायचं, शांत."

इब्राहिमचा चेहरा असा झाला, जणू तिनं त्याला लुगडं नेसायला सांगितलं. "मॅडम, बाजारातनं यावं लागतं. लोक बघत्यात."

"पळून आली की तिची टाकी रिकामी. मग माझा हिशेब पुन्हा खोटा. आणि मनानं शांत आली तर औषध कमी लागेल."

शेवटी सुरय्यानं निकाल लावला. तिनं शेजारच्या भीमाचा टेम्पो बोलावला, मागं घरातली गादी टाकली आणि गादीवर रेशमला घेऊन स्वतः बसली. इब्राहिम पुढं बसला, रुमालानं तोंड झाकून. व्हायचं तेच झालं. बाजारात एकेकानं विचारलं.

"इब्राहिमभाई, कुनाला घेऊन चाललाय?"

मागून सुरय्याच ओरडली, "सूनबाईला म्हायेरी सोडायला! वाट सोडा!"

रेशम मान ताठ करून गादीवर बसली होती. मऊबिऊ काही पडली नव्हती. उलट तिला ते आवडलं असावं असं मला तरी वाटलं.

ऑपरेशनच्या खोलीत प्रार्थनानं आधी सांगून टाकलं, "चाचा, हे औषध अंगातल्या चरबीत मुरतं आणि मग उतरतं. हिच्या अंगात चरबीच नाही. म्हणून मी डोस अगदी बारीक देणार, आणि गाठीभोवती बधिर करायचं वेगळं इंजेक्शन देणार. तरीही उठायला वेळ लागेल. घाबरायचं नाही."

"माझ्यातली थोडी चरबी घ्या की," दारातून सुरय्या म्हणाली. "बसल्या जागी देते."

सलाइनचा स्टँड मोडका होता. ट्रस्टकडं शालींना पैसे असतात, स्टँडला नसतात. बाटली कुणीतरी वर धरायला हवी होती. दाराशी गोरख उभा होता, राखण करायला आलो म्हणत. प्रार्थनानं त्याचे हात धुऊन घेतले आणि बाटली दिली. "ही खांद्याच्या वर. मी सांगेपर्यंत खाली आणायची नाही."

मग तिनं रेशमची पहिली नळी फिरवून तिच्यावर खूण केली आणि गाई तपासायचं सोनोग्राफीचं मशीन रेशमच्या डाव्या बरगडीखाली लावलं. पडद्यावर राखाडी जिभेसारखं काहीतरी दिसलं. "ही टाकी. नीट बघून ठेवा." शिरेतून औषध गेलं, रेशमनं एक मोठा श्वास घेतला आणि मान टाकली. इब्राहिमनं टेबलाची कड घट्ट धरली. थोड्या वेळानं प्रार्थनानं पुन्हा मशीन लावलं. तीच जीभ आता पडद्यात मावत नव्हती.

"बाप रं," इब्राहिम पुटपुटला. "समदं हितं येऊन बसलं व्हय?"

"हितंच. मोजत बसा हवं तर."

गाठ निघाली. लिंबाएवढी होती ती अख्खी निघाली, मुळासकट. रक्त टिपलेले बोळे प्रार्थनानं इब्राहिमच्या समोर काट्यावर ठेवले; रक्त पळीभरसुद्धा भरलं नाही. टाके पडले, दुसरी नळी फिरली; तिच्यात लाल रक्त खुणेच्या बरंच खाली. गाठ तपासायला नगरला पाठवायला बाटलीत घातली. काम संपलं, आणि मग सुरू झालं ते वाट बघणं.

रेशम उठेना. श्वास चालू, नाडी चालू, हिरड्या गुलाबी, पण डोळा उघडेना. प्रार्थनानं तिच्या अंगावर गोधडी टाकली, सुरय्यानं गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. दुपार झाली. दुपारची संध्याकाळ व्हायला लागली. इब्राहिम तिचा कान दोन बोटांत धरून बसला होता, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं. प्रार्थनालाही आता भीती वाटायला लागली होती. तिचा डोस बरोबर होता, पुस्तक बरोबर होतं, हिशेब बरोबर होता. पण कुत्री एकच होती.

"मॅडम," गोरख म्हणाला, "हात बदलू का? ह्या खांद्यात वात आलाय."

"बदला. खाली आणू नका."

तेवढ्यात फोन वाजला. बोरुडे. प्रार्थनानं स्पीकरवर टाकला, कारण हातात रेशमची नाडी होती.

"उजागरे, मी विचार केला. तुझं म्हणणं लेखात घेता येईल. पण मोटरसायकल हा शब्द शास्त्रीय लेखात बरा दिसत नाही."

"दुचाकी लिहू का, सर?"

"तसं नाही... पूर्व-परिश्रम वगैरे काहीतरी. आणि हे आमच्या लक्षात आलं, असं लिही. आमच्या."

"साहेब," गोरख बाटलीखालून ओरडला, "तुमच्या लक्षात काय आलं? टाकी वाघ्याची हाय!"

"कोण बोलतंय?"

"फोन ठेव, पोरी," सुरय्या एकदम म्हणाली. "शेपूट हाललं."

सगळे गोधडीकडं वळले. शेपटीचं टोक हललं, थांबलं, पुन्हा हललं. मग एक कान. मग रेशमनं एक डोळा उघडला आणि त्या काजळाच्या डोळ्यानं छत, दिवा, प्रार्थना असं एकेक बघत तिची नजर इब्राहिमपाशी येऊन थांबली. तिनं मान उचलली, ती लटपटली, तिनं पुन्हा उचलली, आणि इब्राहिमच्या मनगटाला लोखंडाचा वास येत असावा, तिथं जीभ लावली.

इब्राहिमनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "वेल्डिंगचा उजेड लागलाय डोळ्याला," तो म्हणाला.

"आज दुकान बंद हुतं," सुरय्या म्हणाली.

प्रार्थनानं रेशमच्या पायातून शेवटचा थेंब घेतला. नळी फिरवली, उजेडात धरली. लाल रक्त सकाळच्या खुणेला अजून पोचलं नव्हतं, पण चढायला लागलं होतं. तिनं ती नळी आधी इब्राहिमच्या हातात दिली. तो ती बराच वेळ डोळ्यांपुढं धरून बसला, मग सुरय्याला दाखवली, मग रेशमलाही.

बाहेर अंगणात बरीच माणसं जमली होती. कुणाला रेशमची काळजी, कुणाला अफवेचा शेवट बघायचा. गोरख बाटली उंच धरून सलाइनच्या नळीच्या लांबीएवढा दाराकडं सरकला आणि ओरडला, "समदं रक्त जागेवर हाय! एक थेंब गेला न्हाई! ज्याला शंका आसंल त्यानं आत येऊन ही बाटली धरावी, माझा हात गेलाय!"

कुणीच आलं नाही. गोरखनं प्रार्थनाकडं बघितलं. तिनं बोटानं खूण केली: अजून वर.